मुकी फाइल

त्याला कानसेन हे नाव शेजारच्या फोटोवाल्याने ठेवलं, आणि ते असं काही चिकटलं की पाटी रंगवायला आलेला माणूसही विचारू लागला, "दुकानाला हेच नाव घालू ना?" तानसेन होता आलं नाही म्हणून काय झालं, कानसेन तरी आहे, अशी सगळ्यांची थट्टा. आता थट्टेतली थट्टा बघा. या कानसेनाचा डावा कान लहानपणीच्या तापात गेला होता. पार गेला होता. त्या बाजूला कुणी पत्र्याचा डबा बडवला असता तरी या बाबाने मान वळवली नसती. आणि ही गोष्ट जगात कुणालाही ठाऊक नाही, असा त्याचा समज होता.

धंदा कसला, तर मुक्या फाइली बोलत्या करायच्या. जिन्याखालचं दुकान, उभं राहिलं तर डोकं आपटेल असं. आत एक कॉम्प्युटर, एक आवाजाची पेटी आणि एक गिऱ्हाइकाची खुर्ची. लोक व्हिडिओ घेऊन यायचे. चित्र दिसतंय, आवाज नाही. कुणी फाइल फोनवर पाठवता यावी म्हणून कॉम्प्रेस केलेली, म्हणजे दाबून दाबून लहान केलेली, आणि त्या दाबादाबीत आवाज गळून पडलेला. कुठे आवाज शाबूत असायचा, पण अशा जातीचा की फोनला तो कळायचाच नाही. कुठे फाइलचा शेवटच तुटलेला. कानसेन शांतपणे एकेक दार ठोठावायचा, आणि बहुतेक वेळा कुठल्यातरी दारातून आवाज यायचा. मग गिऱ्हाइकाचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. "आला! आला!" असं ओरडायचे लोक, जणू काही घरातलं माणूसच हरवून सापडलंय.

गिऱ्हाइकाची खुर्ची त्याच्या उजव्या हाताला असे. डाव्या हाताला भिंत. दुकान घेताना बायको म्हणाली होती, "अहो, समोरचं दुकान मोठं आहे, उजेडाचं आहे." पण त्याला हेच हवं होतं. डावीकडून कुणाला बोलायला जागाच नको.

कॉम्प्युटर आणला त्या पहिल्याच दिवशी त्याने आणखी एक सोय करून ठेवली. व्हिडिओच्या आवाजाला दोन बाजू असतात, डावी आणि उजवी. एखाद्या फाइलमध्ये माणूस डावीकडूनच बोलत असला तर याला काय कळणार, कपाळ? म्हणून फाइल उघडली की दोन्ही बाजू एकात मिसळल्या जाव्यात आणि पडद्यावर आवाजाची एकच रेघ दिसावी, असं त्याने मशीनला शिकवून ठेवलं. पेटीही एकच, उजव्या कानाशी. पुढे ही सोय इतकी अंगवळणी पडली की आपण ती केली आहे हेच तो विसरला. चष्मा लावलेला माणूस चष्मा विसरतो ना, तसं. ध्यानात ठेवा, याच सोयीने पुढे घात केला.

एके दिवशी संध्याकाळी एक माणूस दारात येऊन उभा राहिला. चाळिशीचा असेल. अंगाला पोत्यांची धूळ. आत येईना, बाहेर जाईना.

"या की आत," कानसेन म्हणाला. "डोकं सांभाळा."

तो बसला आणि मांडीवरचा फोन उलटासुलटा करत राहिला. कानसेनाला अशा लोकांची सवय होती. काही जणांना तोंड उघडायलाच वेळ लागतो.

"दादा, मी क्रेनखाली उभा राहायचो," तो अखेर म्हणाला. "इमारतीच्या कामावर. वर क्रेनवाल्याला हातांनी इशारे द्यायचे, आणि खाली जे असतील त्यांना ओरडून बाजूला करायचं. हे माझं काम."

"बरं."

"माझा एक दोस्त होता. गवंडी. आम्ही एका गल्लीत वाढलो, एकाच शाळेतून पळून गेलो. त्या दिवशी तो खाली भिंत बांधत होता. वरून सळयांचा भारा चालला होता. मी त्याला हाक मारली. बाजूला हो, म्हणून ओरडलो. पण साखळी सुटली, आणि..." त्याने हाताचा पंजा मांडीवर आडवा ठेवला.

मग तुकड्या तुकड्यांनी बाकीचं कळलं. चौकशीत क्रेनवाला म्हणाला, मी वर होतो, मला ऐकू आलं नाही. दुसरे कामगार म्हणाले, मशीनचा एवढा आवाज, कोण जाणे. आणि गवंड्याची आई, जिला हा लहानपणापासून मावशी म्हणत आला, ती म्हणाली, याने हाकच मारली नाही. हाक मारली असती तर माझा लेक हलला असता. तिने याच्या तोंडावर दार लावलं ते लावलंच. त्यानंतर कुठल्याही कामावर कुणी याला इशाऱ्याला उभं करेना. आता गोदामात पोती उचलत होता. पण त्याचं दुःख पोत्यांचं नव्हतं.

"त्या वेळी कंपनीचं शूटिंग चाललं होतं," इशारेवाला म्हणाला. "इंजिनिअरची मुलाखत घेत होते. मोठा माइक लावला होता. त्याच्या मागे आम्ही दिसतो. चौकशीत हा व्हिडिओ लावला तर आवाजच नाही. म्हणाले, कॉम्प्रेस करताना गेला. मूळचा कुठाय, तर तो कॅमेऱ्यावरच पुसला गेला. दादा, यात माझी हाक आहे. तेवढी काढून द्या. मी मावशीच्या दारात ठेवीन आणि निघून येईन. मला तिच्याकडून दुसरं काही नको."

कानसेनाने फाइल घेतली आणि म्हणाला, "काढून देतो." असं म्हणायला नको होतं त्याने. डॉक्टर, वकील आणि कानसेन, या तिघांनी कधी आधी शब्द देऊ नये. पण त्या माणसाची खाली घातलेली मान बघून त्याच्या तोंडून निघून गेलं.

व्हिडिओ छोटासाच. पुढे इंजिनिअर, डोक्यावर पिवळं टोपडं, ओठ हलतायत. त्याच्या खांद्यामागे अर्धी भिंत आणि भिंतीशी वाकलेला गवंडी, बनियनवर, थापी हातात. कडेला इशारेवाला. एका जागी इंजिनिअर पुढचं वाक्य आठवत गप्प उभा राहतो. तेव्हा मागे इशारेवाला दोन्ही हात तोंडाशी नेतो. गवंडी क्षणभर मान वळवतो. मग कॅमेरा हलतो, आभाळ दिसतं, आणि संपतं.

"हात तोंडाशी नेले ते दिसतंय की," कानसेन म्हणाला.

"चौकशीत तेही दाखवलं मी. म्हणाले, घाम पुसत असशील. बिडी पेटवत असशील."

कानसेनाने आपली सगळी विद्या पणाला लावली. फाइल दुसऱ्या जातीत बदलून पाहिली. तुटली असेल म्हणून शेवटापासून जुळवून पाहिली. आवाजाची जागा तर फाइलमध्ये होती, पण उघडली की पडद्यावर सपाट रेघ. साधी खरखरही नाही. रिकामी खोली म्हटली तरी तिला स्वतःचा आवाज असतो हो, इथे तोही नव्हता. याचं त्याला नवल वाटलं होतं. पण नवलाच्या मागे जायचं सोडून तो आपल्या ठरलेल्या दारांवरच धडका देत बसला.

इशारेवाला रोज काम सुटलं की यायचा. काही विचारायचा नाही. बसायचा, चहा आला तर घ्यायचा, पडद्याकडे बघायचा. हळूहळू तो गवंड्याच्या गोष्टी सांगू लागला. गवंडी भलता हट्टी. एक वीट तिरकी लागली तर आख्खा थर उतरवेल. जेवायला हाक मारली तर सगळे जेवून उठल्यावर येईल. "घाई कशाला, भिंत पळून चालली का?" असं म्हणायचा. हे सांगताना इशारेवाला हसला, आणि मग आपण हसलो याचीच लाज वाटून त्याने तोंड पुसलं.

फोटोवाल्याच्या कानावर हे गेलं. तो दारात येऊन म्हणाला, "अरे कानसेना, फाइल माझ्याकडे आण. माझा मोठा हेडफोन आहे ना, तो लावून बघू. बारीकसारीक काही असलं तर कळेल."

आता बघा, देव द्यायला उभा होता. पण हेडफोन म्हटला की कानसेन मागे सरायचा. दोन्ही कानांवर लावायचा, आणि मग कुणी विचारलं, "डावीकडे ऐकू येतंय का?" तर? गिऱ्हाइकासमोर? ज्याला एकच कान, त्याच्याकडे आवाज दुरुस्तीला कोण येईल? शिंप्याला दिसत नाही म्हटल्यावर कापड कोण देईल?

"तू फोटो काढ बाबा," तो ताडकन म्हणाला. "आवाजाचं मला शिकवू नकोस."

फोटोवाला "बरं, राहिलं" म्हणून गेला. राहिलंच ते.

आणि एका संध्याकाळी कानसेनाने हात टेकले. खुर्ची इशारेवाल्याकडे वळवून म्हणाला, "नाही हो. यात काही नाही. कॉम्प्रेस करताना आवाज पार चिरडला गेलाय. मी नाही म्हणतो म्हणजे कुणालाच निघायचा नाही."

हे शेवटचं वाक्य त्याने का बोलावं? उचलली जीभ लावली टाळ्याला. पण बोलला खरा.

इशारेवाल्याने पडद्यावरच्या रेघेकडे बोट केलं. "म्हणजे मी हाक मारलीच नाही?"

"असं कुठे म्हणतोय मी? फाइलमध्ये नाही म्हणतोय."

"तेच झालं ना दादा." तो उठला, उठताना डोकं आपटलं, आणि कपाळ चोळत निघून गेला. पुन्हा आला नाही.

कानसेनाने ती फाइल टाकून मात्र दिली नाही. न जमलेल्या फाइलींचा त्याने मशीनमध्ये एक कोपरा केला होता, त्यात ठेवली. बरेच महिने गेले. त्याला तो माणूस अधूनमधून आठवायचा, आणि आठवला की वाईट वाटायचं. आपण प्रामाणिकपणे केलं, हरलो, एवढंच. हरण्याचं दुःख होतं. चुकलो अशी शंकासुद्धा नव्हती, बिचाऱ्याला.

मग एक दिवस मशीनच बसलं. दुरुस्तीवाल्याने ते खोललं, आतलं सगळं पुसून नव्याने भरलं आणि आणून दिलं. फाइली वाचल्या, पण जुन्या सोयी सगळ्या गेल्या. आवाजाची पेटीही त्याच गडबडीत बिघडली. कानसेन वैतागला. चालतंय का ते बघावं म्हणून बायकोच्या पिशवीतले इअरफोन काढले, एक बोंडूक उजव्या कानात घातलं, दुसरं छातीवर लोंबत ठेवलं, आणि हाताला येईल ती फाइल उघडली. ती नेमकी तीच निघाली.

इंजिनिअर बोलू लागला.

"...आमच्या प्रकल्पाचं वैशिष्ट्य असं की..."

कानसेनाला आधी वाटलं, दुसरीच फाइल लागली. मग वाटलं, भास होतोय. पिवळं टोपडं तेच, भिंत तीच. मागे मशीनची घरघर. इंजिनिअर अडखळला, गप्प झाला. आणि मग लांबून, पण लख्ख, "ए बाजूला हो! भारा येतोय! ए, बाजूला हो रे!"

पुढे आणखी एक आवाज होता. जवळचा, भिंतीशी वाकलेल्या माणसाचा, हसरा आणि थोडा त्रासलेला.

"हो रे बाबा, ऐकलं! एवढी वीट लावतो नि आलो!"

कानसेनाने इअरफोन ओढून काढला. दुपारचा डबा घेऊन आलेली बायको मागेच बसली होती. तो म्हणाला, "अगं, हे ऐक. दोन्ही कानांत घाल. तुला काय ऐकू येतंय ते सांग. काही लपवू नकोस."

तिने ऐकलं. "ऐकू येतंय की सगळं. पण कसंतरीच वाटतंय. माणूस डोक्याच्या मागून बोलल्यासारखा." मग तिचा चेहरा बदलला, कारण ती त्या विटेपाशी पोचली होती.

त्याने पडद्याकडे पाहिलं. नव्या मशीनवर एका रेघेऐवजी दोन रेघा होत्या, डावीची आणि उजवीची. वरची जिथे चढत होती तिथे खालची उतरत होती. पाण्यातल्या सावलीसारखी उलटी. माइकची वायर चुकीची जोडली की असं होतं, हे त्याला तेव्हा कळलं. दोन बाजू वेगळ्या ऐकल्या तर आवाज आहे. एकात मिसळल्या तर एक दुसरीला खाऊन टाकते आणि खाली उरते सपाट रेघ. चौकशीच्या खोलीत भिंतीवर एकच भोंगा होता. इशारेवाल्याच्या फोनला एकच पेटी. आणि कानसेनाला एकच कान.

"मी मारून टाकली ती हाक," तो म्हणाला. "माझ्या हाताने. फोटोवाला हेडफोन द्यायला आला होता. मीच त्याला हाकललं. नाव जाईल म्हणून... म्हणजे, लोकांना कळेल म्हणून. अगं, माझा डावा कान..."

"नाही येत ऐकू. ठाऊक आहे."

तो खुर्चीसकट तिच्याकडे वळला.

"लग्न झाल्यापासून मी उजवीकडून चालतेय तुमच्या," ती म्हणाली. "हौस म्हणून? आणि डावीकडून बोलले तेव्हा तेव्हा तुम्ही 'हो हो, बघू' म्हणालात. त्यावर दोनदा पडदे घेतले मी घरासाठी." मग तिने डब्याचं झाकण परत लावलं. "जेवण राहू दे. आधी त्या माणसाला शोधा."

गोदामात कळलं की इशारेवाल्याने खोली सोडली. आता तो कुणा म्हातारीकडे राहतो. पत्ता घेत घेत कानसेन एका चिंचोळ्या गल्लीत पोचला, जिना चढला. दार उघडंच होतं. आतून बाईचा आवाज येत होता, खणखणीत, एका दमात चाललेला.

"मेल्या, पाणी मागितलं तर कढत आणून दिलंस! जीभ भाजली माझी! माझ्या लेकाला खाल्लंस, आता मला खा!"

आत खाटेवर गवंड्याची आई बसली होती, पाठीला उशी, अंगावर धुवट लुगडं. इशारेवाला तिच्या पायाशी बसून दुसऱ्या भांड्यात पाणी गार करत होता. कानसेनाला बघून तो दचकला. बाई मात्र थांबली. "या, बसा," ती म्हणाली, जणू मघाचं बोलणारी दुसरीच कुणी होती. "तुम्ही व्हिडिओवाले ना? याने सांगितलं होतं. तुमचे उपकार आहेत हो. तुम्ही सांगितलंत, त्यात हाक नाही म्हणून. तेव्हा कुठे हा माझ्या दारात आला आणि खरं बोलला. मावशी, मी हाक मारली नाही, म्हणाला. माझं लक्ष नव्हतं. पाय धरले. इतकी वर्षं मला खोट्यात ठेवलं मेल्याने."

कानसेनाच्या हाताला खिशातला इअरफोन लागत होता.

"आधी मला घास उतरत नव्हता," म्हातारी म्हणाली. "माझा लेक शहाणा होता हो. हाक मारल्यावर तो उभा राहिला असता का तिथे? मला तेच कळेना. हाक मारली म्हणतो, मग हा हलला कसा नाही? रात्रंदिवस तेच. आता कळलं. आता निदान कुणाला शिव्या द्यायच्या ते माहीत आहे." तिने उशीखालून फोन काढला. "आणि हे बघते रोज. आवाज नाही, पण दिसतो. वीट कशी उचलतो बघा. लहानपणी ठोकळे लावायचा अस्साच. माझा भाचा मोठा टीव्ही घेऊन येतोय, आवाजाचे दोन डबे लावलेला. म्हणाला, आत्या, त्यावर मोठा दिसेल."

इशारेवाला उठला. "मावशी, यांना खाली सोडून येतो."

"ये. आणि येताना औषध आण, नाहीतर विसरशील, नालायका."

जिन्यावर कानसेनाने इअरफोनचं एक बोंडूक त्याच्या हातात दिलं आणि फोनवर फाइल लावली. "उजव्या कानात घाला," एवढंच तो म्हणाला.

इशारेवाल्याने ऐकलं. स्वतःची हाक आली तेव्हा त्याने भिंतीला हात टेकला. तोंड उघडं पडलं, लहान पोराचं पडतं तसं. मग ते दुसरं वाक्य आलं, आणि त्याने डोळे मिटून घेतले. नवल मात्र त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं," कानसेन म्हणाला. "त्याने उत्तर दिलं होतं ते."

"माझ्या कानात दुसरं काय आहे दादा, तेव्हापासून? मला वाटायचं, तो हळू बोलला, माइकमध्ये आलं नसेल. माझी हाक तेवढी आली असेल."

"चुकलो हो मी. माझा एक कान बहिरा आहे. माझं जुनं मशीन दोन्ही बाजू एकात मिसळायचं, त्यातच आवाज मरत होता. दोन बाजूंनी वेगळा ऐकला असता तर हे तेव्हाच मिळालं असतं तुम्हाला. मी लाजेपायी..." आणि कानसेनाला रडू फुटलं, जिन्यात, परक्याच्या घरी. "मी आत्ता वर येतो. मीच सांगतो त्यांना. ते उत्तर कापून टाकतो, फक्त हाक ठेवतो. जुळणीसुद्धा दिसणार नाही."

"आणि मग ती काय विचारेल? ऐकलंत ना मघाशी? हाक मारली, तर माझा लेक हलला कसा नाही? बहिरा होता का तो?" त्याने बोंडूक काढून कानसेनाच्या हातावर ठेवलं. "उत्तर कापाल दादा. तिचा प्रश्न कुठे कापाल? एका विटेसाठी गेला, हे सांगू तिला? आता ती दोन वेळ जेवते. मला शिव्या देते, पण माझ्या हातचं जेवते. मी जाऊन खोटं बोललो तेव्हा मला वाटलं, दार लावेल. तिने ताट वाढलं आधी. मग शिव्या दिल्या."

बैल गेला आणि झोपा केला, म्हणतात ना, ते हेच. कानसेन गोठा बांधून आला होता, आणि गोठ्यात बांधायला काही उरलं नव्हतं.

"एक काम करा," इशारेवाला म्हणाला. "तो टीव्ही यायच्या आत. दोन डब्यांवर हे ऐकू येणार, हो ना?"

"येणार."

"मग तुमच्या जुन्या मशीनवर झालं होतं तसं करून द्या. कशावरही लावलं तरी काही ऐकू येणार नाही, असं. आणि तुमच्याकडची पुसून टाका."

संध्याकाळी तो औषधाची पिशवी आणि मावशीचा फोन घेऊन दुकानात आला. बायकोही होती. कानसेनाने फाइल उघडली. दोन रेघा पडद्यावर आल्या. आयुष्यभर याने मुक्या फाइली बोलत्या केल्या होत्या. बोलती फाइल मुकी करायची वेळ पहिल्यांदाच आली, आणि ते काम इतकं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. डावी आणि उजवी बाजू एकात मिसळ, एवढंच मशीनला सांगायचं. त्याने सांगितलं. दोन्ही रेघा एकमेकींत शिरल्या आणि सपाट झाल्या. मग त्याने ही मुकी फाइल मावशीच्या फोनवर घातली आणि मूळची सगळीकडून पुसली.

"मला विचारू नका, आवाज आहे का," तो म्हणाला. "माझ्यावर भरवसा ठेवू नका. हिला ऐकू द्या."

बायकोने दोन्ही कानांत बोंडकं घातली. पडद्यावर इंजिनिअर गप्प झाला, मागे दोन हात तोंडाशी गेले, भिंतीशी वाकलेल्या माणसाने मान वळवली. त्याचे ओठ हलले. आता कानसेनाला ते ओठ वाचता येत होते, शब्दन् शब्द. गवंड्याने वीट उचलली.

"काही नाही," बायको म्हणाली, आणि डोळे पुसले.

इशारेवाल्याने मावशीचा फोन खिशात घातला, औषधाची पिशवी उचलली आणि उठताना आठवणीने डोकं वाचवलं.

"येतो वहिनी," तो म्हणाला. "उशीर झाला. माझ्या शिव्या खोळंबल्या असतील."